ग्रुप पुन्हा पुन्हा खाली सरकतो: हलक्या एअर रायफलचा तोल आणि किनाऱ्यावरचा दमटपणा

रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले किंवा अलिबागकडे दहा मीटर एअर रायफलचा सराव करणाऱ्या मुलांचे पालक आणि शिक्षक एक तक्रार वारंवार सांगतात. मुलाला पेलावी म्हणून रायफल हलकी करून घेतली जाते, पहिले काही दिवस नेम उत्तम लागतो, आणि मग पेलेटचा (छर्र्यांचा) ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, खाली किंवा एका बाजूला सरकू लागतो. साइटचे, म्हणजे नेम धरण्याच्या साधनाचे, दोन-चार क्लिक (टप्पे) फिरवले की तो मध्यावर येतो आणि आठवड्याभरात पुन्हा सरकतो. ही तक्रार परत परत येण्याचे मुख्य कारण असे की साइट फिरवल्याने दोष झाकला जातो, दूर होत नाही. हलक्या रायफलमध्ये दोष बहुतेकदा तोलात असतो. आपल्या किनारपट्टीवर त्यात दमटपणाची भर पडते, आणि दोन्ही एकमेकांत मिसळल्यामुळे कोणालाच नेमके काही सापडत नाही. ती दोन कारणे वेगळी कशी करावीत आणि कोणत्या क्रमाने दुरुस्त करावीत, एवढाच या लेखाचा विषय आहे.

येथे विचार केवळ ४.५ मिलिमीटरच्या, दाबाखालील हवेवर चालणाऱ्या स्पर्धेच्या एअर रायफलचा आहे. काडतुसाच्या बंदुकीची बांधणी, फेरबदल किंवा दुरुस्ती ही शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय करता येत नाही, आणि ते घरच्या टेबलावर करण्याचे काम नव्हेच. एअर रायफलमध्येही हवेचा दाब, व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर (प्रत्येक शॉटला दाब सारखा ठेवणारा भाग) यांना आपण हात लावू नये. तोल, स्टॉकचे (रायफलच्या दांड्याचे) स्क्रू, बट प्लेट (बटला, म्हणजे स्टॉकच्या मागच्या टोकाला, खांद्याशी टेकणारी पट्टी), चीक पीस (गाल टेकवायचा भाग) आणि वजने एवढा भाग मात्र नेमबाजाचा स्वतःचा आहे, आणि तो त्याला समजलाच पाहिजे.

प्रथम किती चुकीची किती किंमत पडते ते पाहू. दहा मीटरच्या रायफल टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि प्रत्येक रिंगमधले अंतर २.५ मिलिमीटर असते. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ७० सेंटिमीटर अंतर धरले, तर टार्गेटवर एक रिंग सरकण्यासाठी पुढची साइट मागच्या साइटच्या मानाने केवळ ०.१७५ मिलिमीटर हलावी लागते. पावसाळ्यात फुगलेला लाकडी स्टॉक, अर्धा फेरा सैल झालेला स्क्रू किंवा साइटच्या पट्टीखाली साचलेला गंज एवढी हालचाल सहज घडवून आणतो. म्हणून “मुलाचे लक्ष नाही” असा निकाल देण्याआधी रायफलची तपासणी करणे हे मुलाला न्याय देण्यासारखे आहे, आणि मी त्याबाबत आग्रही आहे.

दोष रायफलचा की उभे राहण्याचा

तपासणीची सुरुवात नोंदीपासून करावी. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक शॉटचे आडवे-उभे अंतर मिळतेच. कागदी टार्गेट असेल तर पट्टीने मोजावे. साठ शॉटच्या सरावातील पहिले वीस आणि शेवटचे वीस शॉट वेगळे काढून दोन्ही ग्रुपचे मध्य शोधावेत. पहिल्या वीसचा मध्य ठीक आहे, शेवटच्या वीसचा खाली गेला आहे आणि दहा मिनिटे बसून विश्रांती घेतल्यावर तो पुन्हा वर येतो, असे दिसले तर दोष तोलाचा किंवा उभे राहण्याच्या पद्धतीचा आहे. ग्रुप पहिल्या शॉटपासूनच कालच्या जागेपेक्षा सरकलेला आहे पण दिवसभर त्याच जागी राहतो, असे असेल तर स्टॉक, स्क्रू किंवा हॉलमधला बदललेला उजेड तपासावा. ग्रुप जागेवर आहे, मात्र मधूनच एखादा शॉट कारण नसताना वर किंवा खाली जातो, तर हवा आणि पेलेट यांच्याकडे वळावे.

यानंतर रायफल टेबलावरच्या भक्कम आधारावर टेकवून, त्याच पेलेटने, रेंजवर आणि योग्य बॅकस्टॉपसमोरच (पेलेट अडवणाऱ्या आडोशासमोरच), दहा-दहा शॉटचे काही ग्रुप मारावेत. स्पर्धेच्या दर्जाची निरोगी रायफल आधारावरून जवळजवळ एकाच भोकात मारते. येथे ग्रुप घट्ट आला आणि उभ्याने विस्कटला, तर नळी आणि हवा यांना दोष देण्याचे कारण उरत नाही. ही एक चाचणी वगळल्यामुळे लोक विनाकारण नव्या पेलेटचे डबे आणि नव्या साइट विकत घेतात.

पेलेटच्या वेगाबद्दलही एक गैरसमज येथेच दूर करावा. सुमारे १७० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघालेली पेलेट दहा मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणाने साधारण १७ मिलिमीटर खाली येते. वेग १६५ झाला तर १८ मिलिमीटर. म्हणजे वेगात पाच मीटरचा फरक पडला तरी टार्गेटवर फरक सुमारे एक मिलिमीटर, अर्ध्या रिंगपेक्षा कमी. ग्रुप सहा-सात मिलिमीटर खाली सरकला असेल आणि त्याचे सगळे खापर कोणी रेग्युलेटरवर फोडत असेल, तर हा हिशोब त्याच्यासमोर ठेवावा.

तोल मोजणे

तोल हाताने अजमावू नये, मोजावा. रायफल रिकामी आहे, लोडिंगची जागा उघडी आहे आणि सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचे दाखवणारी खूण) घातलेला आहे याची खात्री करून, हवेचा सिलिंडर आणि साइट जागेवर असतानाच, ती दोन डिजिटल वजनकाट्यांवर आडवी ठेवावी. प्रत्येक काट्यावर एक अरुंद लाकडी पट्टी ठेवली की आधाराची जागा नक्की होते. समजा दोन पट्ट्यांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर आहे, मागचा काटा २.४ किलो आणि पुढचा १.८ किलो दाखवतो. एकूण वजन ४.२ किलो, पुढच्या काट्याचे वजन भागिले एकूण वजन, गुणिले ६०, म्हणजे मागच्या पट्टीपासून २५.७ सेंटिमीटरवर रायफलचा तोलबिंदू आहे. तेथे पेन्सिलची बारीक खूण करावी. नंतर मुलाला नेहमीच्या जाकिटात, नेहमीच्या हातमोज्यासह उभे करून पुढच्या हाताचा मध्य कोठे येतो त्याचीही खूण करावी. या दोन खुणांमधले अंतर हाच आपल्या शोधाचा गाभा आहे.

आता या अंतराचा अर्थ. दहा मीटर एअर रायफलमध्ये उभ्याने मारताना स्लिंग (हाताला आधार देणारा पट्टा) चालत नाही. सगळा भार पुढच्या हातावर, कोपरावाटे नितंबाच्या हाडावर उतरतो, आणि खांदा व गाल केवळ रायफलला वळू देत नाहीत. तोलबिंदू हाताच्या पाच सेंटिमीटर पुढे असेल, तर ४.२ किलोची रायफल हाताभोवती २१ किलो-सेंटिमीटरच्या जोराने पुढे झुकू पाहते. खांदा हाताच्या ४५ सेंटिमीटर मागे धरला, तर बट वर उचलली जाऊ नये म्हणून खांदा आणि गाल यांना मिळून जवळपास ४७० ग्रॅमचा भार सतत खाली दाबून ठेवावा लागतो. तेच अंतर दोन सेंटिमीटरवर आणले की हा भार १९० ग्रॅमवर येतो. मोठ्या माणसाला हा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु साठ शॉटच्या स्पर्धेत बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे स्नायू नेमके येथेच थकतात, दाब सैल होतो आणि नळीचे टोक हळूहळू खाली जाते. शेवटच्या वीस शॉटचा ग्रुप खाली का जातो, याचे उत्तर बहुतेक वेळा या आकड्यात सापडते.

तोलबिंदू हाताच्या मागे गेला तर लक्षण बदलते. तेव्हा बट खांद्यावर जड पडते, नळीचे टोक हलके आणि चंचल होते, आणि ग्रुप उभा न पसरता आडवा पसरतो. माझ्या मते नवशिक्या मुलासाठी तोलबिंदू हाताच्या एक ते तीन सेंटिमीटर पुढे असावा. पुढे सरावाने ज्याला जे मानवेल ते त्याने ठरवावे, परंतु सुरुवात येथून करणे सुरक्षित असते.

सिलिंडरमधली हवा संपत गेल्याने तोल बिघडतो, असेही काही जण सांगतात. ०.२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाची हवा भरली तर तिचे वजन सुमारे ४८ ग्रॅम होते. त्यातली निम्मी संपली आणि सिलिंडरचा मध्य हाताच्या २५ सेंटिमीटर पुढे असला, तर तोलबिंदू जेमतेम दीड मिलिमीटर सरकतो, तोही मागे. म्हणजे हवा संपल्याने पुढचे टोक किंचित हलके होते, जड नव्हे. खाली जाणाऱ्या ग्रुपचे कारण ते असूच शकत नाही.

हलकी करताना तोल कसा बिघडतो

नियमानुसार एअर रायफल साहित्यासह ५.५ किलोपेक्षा जड असू नये. ही वरची मर्यादा आहे. तेवढे वजन असलेच पाहिजे असे नाही. म्हणून मुलासाठी रायफल हलकी करणे योग्यच आहे. चूक होते ती वजन कोठून काढले यात. लाकडी स्टॉक मागून पोखरणे सोपे असते, जड बट प्लेट काढून प्लॅस्टिकची लावणे त्याहून सोपे असते. दोन्हीकडून वजन मागच्या बाजूचे कमी होते, नळी आणि सिलिंडर मात्र जसेच्या तसे राहतात. रायफल काट्यावर हलकी भरते आणि मुलाला आधीपेक्षा जड वाटते. मूल तसे सांगते तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवावा, कारण ते खरेच बोलत असते.

याउलट टोकाची वजने सगळी काढून टाकली, की रायफल थरथरू लागते. यामागे वजनापेक्षा वजनाची जागा कारणीभूत असते. आंबे उतरवायच्या झेल्यात टोकाला दोन आंबे पडले, की तो उचलायला किती जड वाटतो आणि वळवायला किती सावकाश वळतो, हे आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक आहे. रायफलमध्ये या सावकाश वळण्याचाच उपयोग करून घ्यायचा असतो. तोलबिंदूपासून ६० सेंटिमीटरवर १०० ग्रॅम लावले किंवा ३० सेंटिमीटरवर २०० ग्रॅम लावले, तरी ४.२ किलोच्या रायफलचा तोलबिंदू दोन्ही वेळा सुमारे १४ मिलिमीटरच पुढे जातो. परंतु वळण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे दुप्पट वजन जवळ लावून स्थैर्य निम्मेच मिळते. हलक्या रायफलसाठी यातून सरळ मार्ग निघतो: थोडे वजन, शक्य तितके टोकाला, आणि दोन्ही टोकांना.

उदाहरणार्थ नळीच्या टोकाला, तोलबिंदूपासून ६० सेंटिमीटरवर ६० ग्रॅम आणि बटमध्ये ४० सेंटिमीटरवर ९० ग्रॅम लावावेत. दोन्हीकडचे गुणाकार सारखे असल्याने तोलबिंदू जागचा हलत नाही, एकूण वजन केवळ १५० ग्रॅमने वाढते, आणि स्थैर्य मात्र टोकाला १०० ग्रॅम लावल्याइतके वाढते. मधल्या भागात, रिसीव्हरच्या (नळीमागच्या यंत्रणेच्या) आसपास, अर्धा किलो वजन लावले तरी याच्या जवळपासही फायदा होत नाही. तेथे ते फक्त मुलाच्या पाठीला जाणवते. वजने बाजारात मिळणारीच लावावीत, कारण चिकटपट्टीने गुंडाळलेला शिशाचा पत्रा घामाने सुटतो आणि उपकरण-तपासणीत अडचण येते. नळीवरची वजने नियमातल्या मापात बसतात की नाही हे स्पर्धेआधी पाहून घ्यावे.

हे सर्व करण्यापूर्वी स्टॉकची लांबी मुलाच्या हाताप्रमाणे लावलेली असली पाहिजे. बट प्लेट दोन सेंटिमीटर मागे घेतली, तर तिचे स्वतःचे वजन सरकल्याने तोलबिंदू एखाद-दीड मिलिमीटरच हलतो, पण खांद्यापासूनचे सगळे अंतर बदलल्याने पुढचा हात रायफलवर जवळजवळ तेवढाच मागे येऊन धरतो. म्हणून आधी लांबी, मग चीक पीस, मग तोल, आणि सर्वांत शेवटी साइट. हा क्रम उलटा केल्यास काम कधीच संपत नाही. वाढत्या वयाच्या मुलाची लांबी शाळेच्या प्रत्येक सत्रात पुन्हा पाहावी लागते, हेही पालकांनी गृहीत धरावे.

मृगापासून ऑक्टोबरपर्यंत

तोल बरोबर लावूनही ग्रुप दिवसागणिक सरकत असेल तर दमटपणाकडे वळावे. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते आणि आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. त्यामुळे अक्रोड किंवा बीचच्या स्टॉकमध्ये स्क्रूभोवतीचे लाकूड पावसाळ्यात फुगून आवळले जाते, तेथले तंतू दबतात, आणि ऑक्टोबरच्या उन्हात लाकूड सुकले की तोच स्क्रू सैल पडतो. उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरावीक जोराला), टॉर्क-पाना वापरून, स्क्रू आवळावेत आणि स्क्रूच्या डोक्यावर व शेजारी रंगाची एक रेघ ओढून ठेवावी, म्हणजे तो फिरला की डोळ्यांना दिसेल. केवळ अंदाजाने “घट्ट” आवळणे मला मान्य नाही. जास्त आवळल्याने दबलेले लाकूड पूर्ववत होत नाही. स्टॉकच्या पोखरलेल्या आतल्या बाजूला पॉलिश नसेल तर तेथूनच ओल शिरते, म्हणून हलका करण्यासाठी पोखरलेला प्रत्येक भाग आतून सीलरने बंद करावा.

ॲल्युमिनियमचा स्टॉक फुगत नाही, म्हणून किनाऱ्यासाठी तो चांगला, हे खरे आहे. पण त्याचा वेगळा त्रास आहे. खाऱ्या, ओल्या हवेत ॲल्युमिनियम आणि पोलादी स्क्रू एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम झिजते आणि स्क्रूच्या धाग्यांमध्ये (आट्यांमध्ये) पांढरी भुकटी साचते. तेव्हा स्क्रू घट्ट लागतो, टॉर्क-पानाही बरोबर आकडा दाखवतो, परंतु खरी पकड बसलेली नसते. वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, स्क्रू एकेक करून काढावेत, कोरड्या ब्रशने धागे साफ करावेत, अँटी-सीझ ग्रीसचा (स्क्रू जाम होऊ न देणाऱ्या ग्रीसचा) पातळ थर लावून पुन्हा बसवावेत. ग्रीस लावल्यावर त्याच टॉर्कला स्क्रू अधिक आवळला जातो, म्हणून उत्पादकाची सूचना कोरड्या धाग्यांसाठी आहे की ग्रीसच्या, हे पाहावे.

हवा भरण्यातही किनाऱ्याचा हिशोब वेगळा आहे. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम बाष्प असते. ०.२ लिटरचे सिलिंडर २०० बारपर्यंत भरायला बाहेरची सुमारे ४० लिटर हवा लागते, म्हणजे तिच्याबरोबर एक ग्रॅम पाणी येते. दाबाखाली त्यातले जवळजवळ सगळे द्रवरूप होते. हातपंपाचा फिल्टर ओला झालेला असेल तर त्यातले बरेचसे आत जाते आणि रेग्युलेटर व सील खराब करते. मधूनच वर-खाली जाणाऱ्या शॉटचे मूळ अनेकदा येथे असते. पावसाळ्यात हातपंपापेक्षा कोरड्या, गाळलेल्या हवेचा मोठा सिलिंडर बरा. तारकर्ली-मालवणकडे स्कूबा डायव्हिंगसाठी वापरली जाते तशी श्वसनाच्या दर्जाची हवा कोरडीच असते, मात्र ती योग्य अडॅप्टरने आणि जाणकाराच्या हातूनच भरून घ्यावी. ऑक्सिजनच्या सिलिंडरमधून रायफल कधीही भरू नये. दाबाखालचा ऑक्सिजन तेल-ग्रीसच्या संपर्कात आला की स्फोट होऊ शकतो. सिलिंडरवर निर्मितीची तारीख कोरलेली असते; दहा वर्षे झाली की तो बाद करावा, कितीही चांगला दिसत असला तरी.

घरी आल्यावर रायफल फोमच्या पेटीत बंद करून ठेवण्याची सवय मात्र सोडावी. फोम घामाची आणि पावसाची ओल धरून ठेवतो आणि नळीवर गंजाचे ठिपके पेटीतच उमटतात. रायफल कोरड्या कपड्याने, नंतर तेलाचा अगदी हलका हात दिलेल्या कपड्याने पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह कुलूपबंद कपाटात उभी ठेवावी. पुड्या रंग बदलल्या की तापवून सुकवाव्यात. नळीच्या आत तेल ओतू नये. पेलेटच्या डब्यातही एक पुडी ठेवावी, कारण दमट हवेत शिशावर पांढरट थर येतो आणि अशा पेलेट सरावालाही वापरू नयेत. शिसे हाताळल्यावर मुलांनी काही खाण्याआधी साबणाने हात धुतलेच पाहिजेत.

एक कारण सर्वांच्या नजरेतून सुटते, ते म्हणजे हातमोजा. पत्र्याच्या छपराखालच्या हॉलमध्ये जाकीट आणि चामड्याचा मोजा तासाभरात घामाने भिजतात, भिजलेला मोजा स्टॉकवर घसरतो आणि पुढचा हात नकळत सेंटिमीटरभर मागे येतो. तोलबिंदू रायफलवर जागच्या जागी असतो, पण हाताच्या मानाने तो पुढे गेलेला असतो. परिणाम तोच, ग्रुप खाली. वर केलेली पेन्सिलची खूण येथे उपयोगी पडते. दर दहा शॉटनंतर शिक्षकांनी हाताची जागा खुणेशी ताडून पाहावी आणि दोन मोजे आलटून-पालटून वाळवत वापरावेत. चिकट पट्टी किंवा पकड वाढवणारे साहित्य लावण्याचा मोह टाळावा, ते नियमात बसत नाही.

एवढे करूनही आधारावरून मारलेला ग्रुप घट्ट येत नसेल, तर रायफल अधिकृत सर्व्हिसकडे पाठवावी आणि सोबत वरच्या सगळ्या नोंदी द्याव्यात: तारीख, हवामान, दोन काट्यांची वजने, तोलबिंदूचे अंतर, पहिल्या आणि शेवटच्या वीस शॉटचे मध्य. परत आल्यावर तोल पुन्हा मोजावा, कारण सर्व्हिसमध्ये सिलिंडर किंवा बट प्लेट बदलली गेली असल्यास जुना आकडा लागू राहत नाही, आणि साइट त्यानंतरच लावावी.